मळवलीतलं मंगळवारचं शिबीर

मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५. त्या दिवशीच्या रक्तदाब तपासणी शिबिरासाठी रेणुका ओव्हाळ हिने स्वतःच्या पदरचे १,२३५ रुपये खर्च केले होते. त्यात भाड्याच्या खुर्च्या आल्या, चहा-बिस्किटं आली आणि फाटकाला लावायचा एक लहान फ्लेक्स आला. हे पैसे सरकारकडून परत मिळणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. त्या दिवसातून तिला एकच गोष्ट हवी होती. बीपीच्या गोळ्या दर महिन्याला मळवलीतच, आणि त्याही मंगळवारी मिळायला लागाव्यात.

रेणुका मळवलीची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची गावातली कार्यकर्ती. माहेर इंदुरीचं, शिक्षण दहावीपर्यंत, लग्न होऊन मळवलीत आली त्याला पंचवीस वर्षं झाली. लसीकरण, बाळंतपणं, पावसाळ्यात पाण्याचे नमुने, सगळं तिच्याकडे. तोंडाने जरा फटकळ, पण कामाला चोख. बीपीचा विषय मात्र तिने कामापेक्षा जास्त मनाला लावून घेतला होता. तिची आई, भागुबाई, इंदुरीला भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलातच बसली आणि तिचं उजवं अंग लुळं पडलं. तेव्हापासून तिच्या तोंडात 'बरंय' हा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी बरंय, दुखलं तरी बरंय. भागुबाईचं बीपी त्याआधी कोणी कधी मोजलंच नव्हतं.

आणि आता घरातच नवऱ्याचं बीपी वाढलेलं होतं.

रेणुकाचा नवरा रतन स्टेशनपलीकडच्या एका बंगल्यावर केअरटेकर होता. मळवलीत भाताच्या खाचरांमधून आता बंगलेच बंगले उभे आहेत. मालक मुंबईला असतात आणि बंगले पाहुण्यांना भाड्याने देण्याचं काम एजन्सीकडे असतं. त्यामुळे गावातल्या निम्म्या पुरुषांचा आठवडा उलटा झाला आहे. जगाला सुट्टी लागते तेव्हा यांचं काम सुरू होतं. शुक्रवारी सकाळपासून खोल्या झाडायच्या, पोहायच्या तलावाचं पाणी गाळायचं, जनरेटरला डिझेल घालायचं, सिलिंडर वाहायचे. रविवारी संध्याकाळी शेवटची गाडी फाटकाबाहेर गेली की सोमवारी चादरी धुवायच्या, आणि मंगळवारी कुठे हे लोक माणसांत येतात.

आरोग्य केंद्रात बीपी-शुगरचा दिवस होता शुक्रवार.

रेणुकाने घरच्या मशीनवर रतनचं बीपी मोजलं ते उन्हाळ्यात. वरचा आकडा एकशे बहात्तर. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं तरी तेच.

"तुजं मशीन खोटं हाय," रतन म्हणाला. "सरकारी मशीन. त्याला आकडे वाढवूनच दाखवायची सवय."

"मग केंद्रात चला. डॉक्टरांच्या मशीनवर मोजू."

"शुक्रवारी? गिऱ्हाईक दारात आणि मी तितं रांगेत? तूच सांग सेठला."

"मग मीच गोळ्या आणते."

"डॉक्टरनं बघितल्याबिगर गोळ्या देत न्हाईत, हे तूच सांगत हिंडतीस ना गावभर?"

ते खरंच होतं. पहिल्यांदा माणूस डॉक्टरांसमोर यावा लागतो, त्याचं नाव नोंदवावं लागतं, मगच महिन्याच्या गोळ्या सुरू होतात. तिने इतरांना विचारून पाहिलं. सखाराम, धोंडिबा, जो तो हेच सांगे. "ताई, आमी कुटं न्हाई म्हणतोय? पण शुक्रवार जमत न्हाई." जून, जुलै, ऑगस्ट, तीन महिने तिने हे एकच उत्तर ऐकलं. शेवटी तिने ठरवलं की अडचण शुक्रवारची असेल तर शुक्रवारच काढून टाकू.

केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. अनघा तरुण आणि समजूतदार होत्या. त्यांनी रेणुकाचं सगळं ऐकून घेतलं.

"महिन्यातून एक मंगळवार मी सिस्टरला गोळ्या घेऊन मळवलीत पाठवू शकते," त्या म्हणाल्या. "पण वरती दाखवायला काहीतरी हवं, रेणुकाताई. गरज आहे हे आकड्यांत दिसलं पाहिजे. एक शिबीर घ्या. निदान वीस नवे रुग्ण निघू देत. मग मला कोणी अडवणार नाही."

"वीस? मॅडम, चाळीस निघतील."

"चाळीस निघाले तर आनंद मानायचा की दुःख?" डॉक्टर हसल्या.

शिबीर ठरलं ९ सप्टेंबरला. जागेचा प्रश्न आला. शाळेची खोली गळत होती, समाजमंदिरात रंगकाम चाललं होतं. रेणुकाने बंगल्यांच्या एजन्सीचा मॅनेजर सत्यम याला गाठलं. त्याच्या ताब्यातल्या एका मोठ्या बंगल्याचा पोर्च ऐसपैस होता. वर पत्रा, बाजूला पंखा, मशीनसाठी बटण, हात धुवायला नळ. सत्यम पुण्याचा, बोलायला गोड.

"घ्या ना ताई, टेन्शन नका घेऊ. मंगळवारी बुकिंग झिरो असतं. वर आमचाही बोर्ड लावू, जरा नाव होईल."

रेणुकाला वाटलं, चला, मोठं काम झालं. पुढे जे बिघडलं त्याचं मूळ या पोर्चमध्येच होतं, पण तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं नाही.

नऊ तारखेला सकाळीच डॉक्टरांना तालुक्याच्या बैठकीचं बोलावणं आलं आणि शिबीर आठवडाभर पुढे गेलं. रेणुका चिडली. पण त्याहून जास्त सखाराम चिडलेला दिसला. "आयला, सगळी तयारी वाया गेली की वो ताई," तो म्हणाला. यांची कसली तयारी, असा विचार तिच्या मनात आला, पण खुर्च्यावाल्याला निरोप द्यायचा होता, त्या गडबडीत तो विरून गेला.

सोळाला मात्र सगळं जुळून आलं. डॉक्टर आल्या, सिस्टर सविता आल्या, पाऊसही उघडला. दहाच्या सुमाराला बंगल्यांवरचे पुरुष एकामागून एक येऊ लागले. अंघोळ केलेले, धुतलेल्या कपड्यांतले, आणि कधी नव्हे ते शांत. कोणी तंबाखू मळत नव्हतं. रांगेत मोठ्याने बोलणाऱ्याला बाकीचे गप्प करत होते. रेणुकाला भरून आलं. इतकी वर्षं ओरडले त्याचं कुठेतरी फळ दिसतंय, असं तिला वाटलं.

धोंडिबा खुर्चीत बसला. सविता सिस्टरनी पट्टा बांधला. एकशे चोवीस, ऐंशी.

"छान," सिस्टर म्हणाल्या.

धोंडिबा उठून रांगेकडे वळला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "पास!"

रांगेत हशा पिकला. मग सखाराम. एकशे तीस. तोही पास. तिसरा पास, चौथा पास. रतन बसला तेव्हा रेणुका मुद्दाम मशीनच्या मागे जाऊन उभी राहिली. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी.

"बघ," रतन बायकोकडे न बघताच म्हणाला. "मी म्हटलं न्हवतं, तुजं मशीन खोटं हाय?"

"वहिनी, तुमच्या मशीनचंच बीपी वाढलंय," धोंडिबा मागून म्हणाला. "त्याला आधी गोळी द्या."

रेणुकाने हसण्यावारी नेलं, पण तिचा चेहरा उतरला. नवऱ्याचं बीपी नाही म्हटल्यावर बायकोने खरं तर सुटकेचा श्वास सोडावा. तिला तो सोडवेना. तीन महिने एकशे सत्तरच्या खाली न उतरलेला माणूस आज मिठाची चिमूटही न सोडता एकशे अठ्ठावीसवर आला कसा? डॉक्टरांनीही एकदा कागदावरून मान वर केली. "पन्नाशीच्या एवढ्या पुरुषांत एकही नाही?" त्या पुटपुटल्या आणि सिस्टरांना पट्टा बदलून बघायला सांगितलं. पट्टा बदलूनही आकडे तेच.

बायकांचं मात्र तसं नव्हतं. त्या चादरी वाळत घालून, तशाच ओल्या पदराने आल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या सहा जणींचं बीपी वाढलेलं निघालं.

सगळ्यात शेवटी दत्तोबा आला. साठीला टेकलेला, गावाचे आबा. ज्या बंगल्यावर तो राखण करत होता, तो त्याच्याच भावकीच्या खाचरात उभा होता. "बापानं हितं आवणी केली आन् मी हितं झाडू मारतो, जमीन तीच हाय," असं तो पाहुण्यांनाही हसत सांगायचा. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या वेळी त्याचं बीपी सापडलं होतं. त्याची बायको कस्तुराबाई शुक्रवारी जाऊन गोळ्या आणायची. या रांगेतल्या पुरुषांपैकी गोळ्या चालू असलेला तो एकटाच. त्यामुळे त्याची रेणुकाला काळजी नव्हती.

"काय सिस्टरबाई, आमाला पन पास करा," दत्तोबा खुर्चीत बसत म्हणाला. "न्हाई तर एटीकेटी तरी द्या."

मशीन बराच वेळ घुरघुरत राहिलं. दोनशे चौदा, एकशे बावीस.

सिस्टरनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी स्वतः पट्टा बांधून दुसऱ्या हातावर मोजलं. आकडा तसाच.

"आबा, डोकं दुखतंय का? गोळी रोज घेता ना?"

"घेतो की," दत्तोबा म्हणाला. "तुमच्या मशीनला आमची वळख न्हाई, म्हनून..." पुढचे शब्द जाड झाले, एकमेकांत गुंतले. कोणीतरी दिलेला चहाचा कप त्याच्या उजव्या हातातून सुटला आणि मांडीवर सांडला, तरी तो हसतच राहिला.

"आबा, मंगळवारीच?" सखाराम हसत ओरडला. "पाव्हण्यांची उरलेली बाटली लागली वाटतं हाताला!"

रांग हसली. रेणुकाला हसू आलं नाही. दत्तोबाचं हसू एकाच बाजूने येत होतं. तिने हे आधी पाहिलं होतं, आईच्या तोंडावर, आणि त्या वेळी आपण सगळ्यांनी म्हातारी दमली म्हणून तिला आडवं केलं होतं, हेही तिला आठवलं.

"मॅडम, तोंड वाकडं झालंय," ती म्हणाली.

डॉक्टर तोवर उठल्याच होत्या. केंद्राची रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. "थांबायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जी गाडी मिळेल ती आणा. तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आत्ता." स्टेशनवर पवनची जीप उभी असते. ती पाच मिनिटांत फाटकात आली.

तेवढ्यात निरोप मिळून कस्तुराबाई धावत आली. नवऱ्याला खुर्चीत एका कुशीला कललेला पाहून तिने कपाळावर हात मारला.

"मावशी, गोळ्या कुठल्या चालू आहेत? पाकीट आणलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुटल्या गोळ्या अन् कुटलं पाकीट! डबा मोकळा हाय. पंधरा दिस झाले, तोंडात एक गोळी न्हाई त्यांच्या."

"का? संपल्या होत्या तर..."

"संपल्या न्हाईत, वाटल्या!" कस्तुराबाईचा आवाज पोर्चच्या पत्र्यावर आपटला. तिने रांगेतल्या एकेकाकडे बोट केलं. "ह्यो, आन् ह्यो, आन् ह्यो रतन! माज्या मानसाच्या गोळ्या तुमी गिळल्या की रं मुडद्यांनो! पास व्हायला! गेल्या टायमाला चार चार दिस खाल्ल्या, शिबीर झालं न्हाई, म्हनून पुन्हा आलात मागायला. आन् ह्यो येडा म्हनतो, पोरांना पुरू दे, मला काय आजच मरायचंय!"

धोंडिबाने मान खाली घातली. सखाराम फाटकाच्या दिशेने दोन पावलं सरकला. रतन तेवढा पुढे झाला, त्याने दत्तोबाला काखेत धरून उचललं आणि जीपमध्ये बसवलं. रेणुका आणि कस्तुराबाई बरोबर गेल्या.

जीप जुन्या हमरस्त्याला लागली आणि मग रेणुकाला सगळं नीट दिसू लागलं. धुतलेले कपडे, तंबाखूविना शांत बसलेली रांग, सखारामची 'तयारी'. तिने माणसांना आजार शोधायला बोलावलं होतं आणि माणसं परीक्षेला बसल्यासारखी आली होती, शेजाऱ्याची वही बघून. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी असं केलं तरी का, हे काही तिला उमगेना. मंगळवार दिला होता ना? मग?

उत्तर संध्याकाळी घरी मिळालं. रतन चुलीपाशी बसला होता.

"तुमाला जीव नकोसा झालाय का?" तिने चप्पल काढायच्या आधीच विचारलं. "एवढा आटापिटा कुणासाठी केला मी?"

"शिबीर कुटं घेतलंस तू?" रतनने उलट विचारलं.

"पोर्चमध्ये. का?"

"सत्यमच्या पोर्चमध्ये. सत्यमच्या बोर्डाखाली. मग आकडे कुनाकडं जानार?"

"केंद्रात जाणार! त्याचा काय संबंध?"

"तुला म्हाईत, आमाला म्हाईत न्हाई." रतन खालच्या आवाजात म्हणाला. "मे महिन्यात तिकडं एका बंगल्यावरचा मानूस पाण्यात चक्कर येऊन पडला, तवा सत्यम बोलला, आता तलावाच्या बंगल्यांवर बीपी-शुगरवालं कुनी ठेवायचं न्हाई. आमी ऐकलं. मग तुजा फ्लेक्स लागला त्याच्याच फाटकाला. आमाला वाटलं, हेच ते."

"तीन महिने शुक्रवार शुक्रवार करत होता, ते?"

"मग काय सांगायचं व्हतं? घाबरलो म्हनून सांगू?"

रेणुकाने त्यांनी सांगितलेल्या खोट्या कारणावर इलाज केला होता, तोही नेमका न सांगितलेल्या खऱ्या कारणाच्या अंगणात खुर्च्या मांडून. तिला नवऱ्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि दोन्हींतला कोणता जास्त हे ठरवत बसायलाही अंगात त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सत्यमकडे गेली. तो खरोखर गोंधळला. "मी? बीपीवाले काढणार? ताई, मी एवढंच म्हटलं होतं की ज्यांना चक्कर येते त्यांनी तलाव साफ करू नये. जबाबदारी कोणाची? बाकी तुमच्या तपासणीचा कागद माझ्याकडे आलाही नाही आणि मला नकोही."

"हे तुम्ही त्यांना सांगा."

"सांगतो ना." त्याने सांगितलंही, सगळ्यांना एकत्र बोलावून. पण मॅनेजर बोलावून 'घाबरू नका' म्हणतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असाच अर्थ सगळ्यांनी घेतला.

दत्तोबा वाचला. वेळेत नेल्यामुळे वाचला, असं तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. जीभ बरीचशी वळू लागली, पण उजव्या हातात जोर उरला नाही. महिन्याभराने एजन्सीने त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवला. एका हाताने सिलिंडर उचलता येत नाही, यात सत्यमचं काही चुकलं असं म्हणता येणार नव्हतं. पण गावाने त्याचा हिशेब आपल्या पद्धतीने मांडला.

"बघितलं ना ताई?" सखाराम रेणुकाला स्टेशनच्या फाटकापाशी भेटला तेव्हा म्हणाला. "शिबिरात आबांचं बीपी निघालं, आन् आबांची नोकरी गेली. आमी काय खोटं बोलत व्हतो?"

"अरे, गोळ्या घेतल्या असत्या तर हात गेला नसता! आणि त्या गोळ्या कुणी खाल्ल्या?"

"ते समदं खरं. पन निघालं म्हनूनच गेली ना?"

पालथ्या घड्यावर पाणी. रेणुका फाटक उघडायची वाट न बघता वळसा घालून घरी आली.

डॉ. अनघांनी शिबिराचा अहवाल पाठवला होता. नवे रुग्ण सहा, सगळ्या स्त्रिया. पुरुषांचे ते आकडे गोळ्या खाऊन आलेले आहेत, हे त्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं, पण वरून विचारणा आली ती एवढीच की सहा रुग्णांसाठी वेगळा दिवस कशाला. "पुन्हा शिबीर घेऊ," डॉक्टर म्हणाल्या, "पण आता पुढच्या आर्थिक वर्षात. आणि शाळेत, पोर्चमध्ये नको."

"शाळा गळते, मॅडम."

"तोवर पत्रा बदलतील."



रतन मात्र एका शुक्रवारी तिच्याबरोबर केंद्रात गेला. पहाटे उठून बंगल्याची सगळी कामं उरकली, रांगेत उभा राहिला, डॉक्टरांपुढे हात पुढे केला. एकशे शहात्तर. गोळी सुरू झाली. परतताना त्याने बायकोला गळ घातली की हे कोणाला कळता कामा नये. म्हणजे ज्या एका माणसाचं उदाहरण गावाला दाखवता आलं असतं, ते दाखवायचं नाही, असं ठरलं.

आता दिवस मावळताना कधी धोंडिबा येतो, कधी दुसरा कोणी. दार लोटून घेतो आणि हात पुढे करतो. "ताई, मोजा जरा. पन लिव्हू नका." ती मोजते. आकडा सांगते. तो चुकचुकतो आणि म्हणतो, "मग दोन गोळ्या द्या की." ती सांगते की नाव लिहिल्याशिवाय, डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय गोळी नाही. तो म्हणतो, "बघू, दिवाळीचं गिऱ्हाईक उरकू दे." दिवाळी उरकली, नाताळ उरकला. लोक अजून बघतायत. बीपीचा दिवस शुक्रवारच आहे.

पवनच्या जीपचं तळेगावचं भाडं बाराशे रुपये झालं होतं. कस्तुराबाईने पाचशे दिले, रेणुकाने चारशे. तीनशे रुपये अजून द्यायचे आहेत.